घुमटाच्या तालावर एएमव्ही : कन्व्हेन्शनच्या स्पर्धेसाठी कसा बसवावा?

पूर्वा_म्हापसा
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या शिगम्याच्या रोमटामेळाचा (ढोल-ताशाची मिरवणूक) किंवा घुमट आरतीचा (घुमट म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) ठेका घेऊन त्यावर अ‍ॅनिमेतली लढाईची दृश्यं बसवायची आणि तो एएमव्ही (जपानी अ‍ॅनिमेशनची, म्हणजे अ‍ॅनिमेची, दृश्यं गाण्यावर बसवलेला व्हिडिओ) कन्व्हेन्शनच्या, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्याच्या, स्पर्धेला पाठवायचा, असा बेत आहे. लांबी साधारण अडीच मिनिटं. या स्पर्धांत बहुतेक इंग्रजी रॉक नाहीतर जपानी ओपनिंगच (मालिकांची शीर्षकगीतं) वाजतात. घुमटाचा खर्ज मोठ्या सभागृहात फार वेगळा उठेल, याची मला खात्री आहे. पण आपोआप बीट ओळखणारी सोय या तालावर चालत नाही, कारण लय चढत जाते. तेव्हा मार्कर (एडिटरमधल्या ठोक्यांच्या खुणा) कसे लावायचे? ध्वनिमुद्रण स्वतः करावं की तयार घ्यावं? आणि हक्कांचं काय? जाणकारांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

फ्रेमवाला_फोंडा
कल्पना फर्मास आहे. आधी लयीचं बोलतो.

ठरावीक बीपीएमच्या (मिनिटाला पडणारे ठोके) गाण्यातसुद्धा फ्रेम मोजून कट मारणं फसतं. अ‍ॅनिमेच्या ब्लू-रेवर सेकंदाला २३.९७६ फ्रेम असतात. १२० बीपीएमला एक ठोका म्हणजे जवळजवळ १२ फ्रेम, तिथे हिशेब जमतो. १२८ बीपीएमला मात्र एक ठोका ११.२४ फ्रेमचा. दर ठोक्याला ११ फ्रेम धरून कापत गेलं की सोळा ठोक्यांत चित्र जवळजवळ चार फ्रेम आधी पोचतं, आणि तेवढा फरक कुणालाही खटकतो. चढत्या लयीत तर मोजणी विसराच. भरवसा फक्त वेव्हफॉर्मचा, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या आलेखाचा.

ट्रॅक वाजवत ठोक्यागणिक मार्करची कळ दाबायची, बहुतेक एडिटरांत ती 'एम' असते. हातानं दाबलेले मार्कर पुढेमागे पडतातच. मग झूम करून एकेक मार्कर ठोक्याच्या उभ्या कड्यावर सरकवायचा. सगळे ठोके धरायची गरज नाही. आवर्तनाची सम आणि मधले दोनतीन ठळक ठोके पुरतात, उरलेले कान सांभाळतो.

घुमटाची आणखी एक खुबी आहे. मोठ्या तोंडावरच्या चामड्यावर पडते ती थाप, आणि मागचं लहान तोंड डाव्या हातानं झाकत-उघडत काढतात तो घुमारा. थापेला टोक असतं, घुमारा मागाहून फुगत येतो. कट थापेवर मारा. घुमाऱ्यावर कॅमेऱ्याची हालचाल असलेला शॉट ठेवा, पॅन किंवा हळू झूम. सगळंच थापेवर कापलं तर तालातला गोडवा चित्रात उतरत नाही.

शामेळ_केपे
फ्रेमवाला, थाप-घुमाऱ्याचं अगदी बरोबर. पण पथकात घुमटाबरोबर शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) आणि कांसाळं (मोठ्या झांजा) वाजतात. कांसाळ्याच्या झणत्कारानं वेव्हफॉर्म सलग भरलेला दिसतो आणि घुमटाचा कडा त्यात बुडतो. उपाय सोपा आहे. ट्रॅकची प्रत करा, तिला २०० हर्ट्झच्या आसपास लो-पास (फक्त खर्ज जाऊ देणारा फिल्टर) लावा, मार्कर त्या प्रतीवर लावा आणि प्रत म्यूट करून टाका.

ध्वनिमुद्रण स्वतःच करा. फोनवर नको. फोनचं रेकॉर्डिंग अ‍ॅप आवाज आपोआप कमीजास्त करतं. पहिली जोराची थाप पडली की सगळं दबतं आणि पुढचे ठोके हळूहळू वर येतात, मग तालाचा कणाच मोडतो. साधा हँडी रेकॉर्डर घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, आपोआपचं लेव्हल बंद, आणि सगळ्यात जोराचा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बेतून ठेवा. रेकॉर्डर घुमटापासून हातभर अंतरावर, कांसाळंवाला मागे पाच-सहा पावलं. देवळाच्या सभामंडपात मुद्रण करू नका. तिथला नाद ऐकायला गोड असतो, पण स्पर्धेच्या हॉलचा नाद त्यात मिसळला की थाप पुसट होते. घराच्या पडवीत किंवा चटया घातलेल्या खोलीत बसवा.

आणि घुमट कुठलं आहे ते विचारून घ्या. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत, वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला बंदी आहे. आता बकरीचं लावतात. त्याचा ताण दमट हवेत उतरतो, म्हणून पावसाळ्यात मुद्रण असेल तर आधी चामडं शेकून घ्यायला सांगा.

आरती_वाळपई
पूर्वाताई, एक विनंती. आरतीचे शब्द मारामारीच्या दृश्यांवर घालू नका. रक्त उडतंय आणि खाली देवाचं नाव चाललंय, हे प्रेक्षकांतल्या पुष्कळांना रुचणार नाही आणि आयोजकांनाही जड जाईल.

दर्यावर्दी
आरतीताई, मला इतकं सरसकट पटत नाही. असुरवधाच्या कथा आपण दशावतारी नाटकात रंगमंचावर बघतोच की. दृश्य कुठलं निवडता त्यावर आहे. राक्षस मारणारा नायक असेल तर शब्दांसकट शोभेल.

आरती_वाळपई
नाटकात तो प्रसंग त्या देवाचाच असतो, दर्यावर्दी. इथं पात्र परकं आणि कथा परकी, एवढाच माझा मुद्दा.

पूर्वा_म्हापसा
आरतीताईंचं मान्य. शब्द नको, नुसता ताल घेते. रोमटामेळाच्या अंगानं ढोल-ताशा मिसळला तरी चालेल ना?

शामेळ_केपे
चालेल, पण ढोल वेगळा मुद्रित करा. तो घुमटाला गिळतो. नंतर घुमटाच्या खाली सहा ते आठ डेसिबलनं बसवा.

वकिली_नजर
हक्कांबद्दल. एएमव्हीत दोन बाजू असतात, गाणं आणि चित्र, आणि दोन्हींचे मालक वेगळे. पारंपरिक ठेक्यावर कुणाची मालकी नाही, पण त्याच्या ध्वनिमुद्रणावर असते. बाजारातला कुणाचा तयार ट्रॅक घेतलात तर ताल लोकांचा असला तरी मुद्रण त्याचं. स्वतः मुद्रण केलंत तर ते तुमचं, मात्र वादकांचा कलावंत म्हणून हक्क राहतोच. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ३८ प्रमाणे तो ५० वर्षं टिकतो. म्हणून पथकाकडून एका कागदावर लेखी संमती घ्या : कशासाठी मुद्रण, कुठे दाखवणार, इंटरनेटवर टाकणार का. सगळ्यांच्या सह्या. एवढं केलंत की गाण्याची बाजू साफ झाली, आणि हे भाग्य फार थोड्या एएमव्हींच्या वाट्याला येतं.

चित्राची बाजू मात्र उरतेच. आपल्याकडे कलम ५२ खाली खाजगी वापर, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचं वृत्तांकन यांना सूट आहे. अमेरिकेतल्या फेअर यूजसारखी मोकळी चौकट नाही. तिकडचे लोक 'हे फेअर यूज आहे' असं व्हिडिओखाली लिहितात, त्या वाक्यानं इथं संरक्षण मिळत नाही. त्याच कलमात धार्मिक समारंभ आणि लग्नाच्या सोहळ्यातल्या वादनाला सूट आहे, पण कन्व्हेन्शन म्हणजे लग्न नव्हे. तिथल्या सार्वजनिक वादनाचे परवाने बघणं आयोजकांचं काम आहे, तरी त्यांना विचारून ठेवा.

यूट्यूबवर टाकताना आधी 'अनलिस्टेड' चढवा. पोचल्यावर तिथली तपासणी चालते आणि दावा आला तर तिथेच कळतं. कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेचा) दावा आणि स्ट्राइक यांत गल्लत नको. दाव्यानं व्हिडिओ काही देशांत बंद होतो किंवा जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात. स्ट्राइक मालकाच्या रीतसर तक्रारीवर येतो, आणि ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेलच जाऊ शकतं. काही स्पर्धांना आधी कुठेही न दाखवलेला व्हिडिओ लागतो, म्हणून निकालापर्यंत जाहीर करूच नका.

फ्रेमवाला_फोंडा
+१. आता चित्राच्या स्रोताबद्दल, कारण बहुतेक प्रवेशिका इथंच बाद होतात. स्ट्रीमिंगचं स्क्रीन रेकॉर्डिंग घेऊ नका. त्यात फ्रेम गळतात आणि फ्रेमचा दर हलता राहतो, मग टाइमलाइनवर तासभर जुळवलेला ठोका निर्यात केल्यावर सरकतो. सबटायटल छापलेली किंवा कोपऱ्यात वाहिनीची खूण असलेली फाइल तर जवळजवळ सगळीकडे नियमानंच बाद. ब्लू-रे डिस्कचा स्रोत धरा. जुनी मालिका फक्त डीव्हीडीवर असेल तर ती बहुधा २९.९७ च्या दरानं आणि गुंफलेल्या ओळींत असते. नुसतं डीइंटरलेस केलं (त्या ओळी सोडवल्या) तर रेषा भुरकट होतात. आधी इन्व्हर्स टेलिसिने (दर वाढवायला घातलेल्या जादा ओळी काढणं) करून २३.९७६ वर आणा, एव्हीसिंथ किंवा व्हेपरसिंथ या प्रोग्रॅमांत ते नीट होतं.

नंतर एडिटिंगसाठी मधली फाइल. एच.२६४ (नेहमीच्या व्हिडिओंचं दाबलेलं स्वरूप) मध्ये बहुतेक फ्रेम आधीच्या-नंतरच्या फ्रेमवरून काढलेल्या असतात, त्यामुळे टाइमलाइनवर मागेपुढे करताना अडखळतं. १० बिटची एच.२६४ तर काही एडिटर उघडतच नाहीत. प्रोरेस ४२२ मध्ये बदलून घ्या. १०८० ला ती सेकंदाला सुमारे ११७ मेगाबिट खाते, म्हणजे २४ मिनिटांचा एक भाग २१ जीबीच्या घरात जातो. म्हणून अख्खे भाग बदलू नका. आधी मूळ फाइल बघत उपयोगाच्या तुकड्यांच्या वेळा टिपून घ्या आणि तेवढेच तुकडे, दोन्ही टोकांना एकेक सेकंद जास्त ठेवून, बदला.

निऑन_वास्को
स्रोत ठीक आहे, पण आजकाल साध्या कटवर कुणी बक्षीस देत नाही. थ्रीडी कॅमेरा, मास्क (पात्र कापून वेगळं काढणं), हललेली अक्षरं, प्रत्येक थापेवर झगमगाट, हे नसेल तर प्रेक्षक हात वर करत नाहीत.

कट_टू
निऑन, माझं मत उलट आहे. परिणाम घालायचे तर घाला, पण लढाईच्या अ‍ॅनिमेशनमध्ये ठोक्याची जागा चित्रकारानंच करून ठेवलेली असते, ती आधी शोधा. बाणाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. हात मागे जातो ती तयारी, मग एखाद्याच फ्रेमचा ओढलेला, फराटल्यासारखा हात, आणि लगेच एक-दोन फ्रेमचा पांढरा किंवा उलट रंगाचा आघात. ती आघाताची फ्रेम बरोब्बर थापेच्या कड्यावर आणून ठेवा, कट तिच्या आधी कुठेही पडू दे. थाप कटवर आणि आघात चार फ्रेमनंतर असं झालं की ठोसा हलका पडतो. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या प्रवेशिकांत हेच चुकलेलं असतं.

वेग बदलतानाही जपून. टीव्ही-अ‍ॅनिमेत एक चित्र बहुतेक दोन किंवा तीन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठच चित्रं. शॉट निम्म्या वेगानं चालवला की प्रत्येक चित्र चार-सहा फ्रेम अडकून बसतं आणि दचके दिसतात. ऑप्टिकल फ्लोनं मधली चित्रं काढली तर रेषा वितळतात. वेग वाढवणं तुलनेनं खपतं. संथ हवं असेल तर मुळात संथ काढलेला शॉट निवडा.

निऑन_वास्को
आघाताच्या फ्रेमचं मान्य. तरी मास्क शिकून घ्या म्हणतो. एका मालिकेतलं पात्र दुसरीच्या पार्श्वभूमीवर ठेवता आलं की कथा सांगता येते. काळी बाह्यरेषा असते, म्हणून मास्क रेषेच्या आतल्या कडेवर चालवा आणि फेदर (कडेचा धूसरपणा) अर्ध्या ते एक पिक्सेलच्या वर नेऊ नका. बाहेरच्या कडेवर चालवलात तर मूळ आकाशाचा रंग झालरीसारखा राहतो.

डॉ_साखळी
झगमगाटावरून महत्त्वाचं. १६ डिसेंबर १९९७ ला 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकला आणि जपानमध्ये सहाशेहून अधिक लोकांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. अंधाऱ्या हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर धोका जास्त असतो. सुरक्षित मर्यादा सेकंदाला तीन झगमगाटांची मानतात. २४ च्या दरानं दोन झगमगाटांत निदान आठ फ्रेम हव्यात. तुमच्या तालाची लय शेवटी १७० बीपीएमला पोचली तर ठोक्यागणिक झगमगाट सेकंदाला २.८ होतो, म्हणजे काठावर. अर्ध्या ठोक्यावर अजिबात नको. भडक लाल तर टाळाच. आयोजकांना आधी सूचना दाखवायची असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा.

पूर्वा_म्हापसा
डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. हे कुणीच सांगितलं नव्हतं. शेवटच्या वीस सेकंदांतले सगळे झगमगाट काढून टाकते.

मांडोवीकाठ
थोडं विषयांतर. शब्द नसले तरी पुढे कुणाला कोंकणी-मराठी गाण्यावर ओठ जुळवायचे असतील तर लिहून ठेवतो. अ‍ॅनिमेत तोंडाची बहुधा तीनच चित्रं असतात : मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. आपल्या प, ब, भ, म ला ओठ मिटलेच पाहिजेत, तिथं चूक लगेच दिसते. आ ला पूर्ण उघडं. बाकी सगळं अर्ध्यावर निभतं. तीन चित्रांचे स्थिर फ्रेम काढून घ्यायचे आणि अक्षरागणिक दोन-तीन फ्रेम लावत जायचं. ओळीतला प्रत्येक प-म आधी मार्कर लावून ठेवला की काम पटकन उरकतं. डोकं हलत असलेला शॉट घेऊ नका, तिथं तोंडाला ट्रॅकिंग लागतं.

कट_टू
मांडोवीकाठ, सुरेख. दीर्घ सुरावर तोंड एकदम मिटू नका, अर्ध्यावर एक फ्रेम थांबवून मिटा.

प्रोजेक्टर_मडगाव
हॉलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. फोनवर उत्तम दिसणारी रात्रीची लढाई प्रोजेक्टरवर काळा डाग होते. दाराफटीतून आणि बाहेर जायच्या पाट्यांतून उजेड येतच असतो. निर्यातीआधी फाइल टीव्हीवर, दिवसा, पडदे उघडे ठेवून बघा. कोण कुणाला मारतंय हे कळत नसेल तर मधले करडे रंग उचला, काळ्याला हात लावू नका.

पातळ्यांचा घोळही नेहमीचा. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. एडिटरनं ० ते २५५ धरून निर्यात केली आणि खूण चुकली तर काळं धुरकट तरी होतं, नाहीतर सावल्यांतला तपशील गडप होतो. रंगाची खूण बीटी.७०९ आणि मर्यादित पातळी, हे निर्यातीनंतर मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये उघडून पडताळा.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्पीकरपासून १५ मीटरवरच्या रांगेत तो ४४ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे एक फ्रेम. म्हणून चित्र आवाजाच्या आधी ढकलू नका. काही जण सवयीनं दोन फ्रेम आधी कापतात, हेडफोनवर ते झणझणीत वाटतं, मागच्या रांगेत तीन फ्रेमचं अंतर पडतं. बरोब्बर ठोक्यावर ठेवा.

कट_टू
एक फ्रेम आधी मात्र मी ठेवतोच, प्रोजेक्टरबाब. डोळ्याला नवं चित्र ओळखायला क्षण लागतो.

प्रोजेक्टर_मडगाव
एक चालेल. दोन नको.

फ्रेमवाला_फोंडा
निर्यात : आधी एडिटरमधून प्रोरेसमध्ये मूळ प्रत काढा, मग तिच्यावरून एक्स२६४ नं (एच.२६४ बनवणारा एनकोडर) एमपी४. सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १६, प्रीसेट स्लो, ट्यून अ‍ॅनिमेशन, ८ बिट, ४:२:०. आवाज एएसी ३२०, ४८ किलोहर्ट्झ, शिखर उणे १ डेसिबलच्या वर नको. एडिटिंगमध्ये मात्र एमपी३ किंवा एएसी वापरू नका, वेव्हच ठेवा. या दोन्हींच्या सुरवातीला एनकोडर थोडी शांतता जोडतो, कधीकधी एका फ्रेमएवढी, आणि प्रत्येक प्रोग्रॅम ती कापतोच असं नाही.

आकाशाच्या छटांत पट्टे पडत असतील तर सीआरएफ खाली नेऊन उपयोग नाही, ते ८ बिटमुळे असतात. डीबँड फिल्टर लावा आणि वर अगदी बारीक ग्रेन (दाणेदारपणा) टाका.

शामेळ_केपे
आणि वीज! जूनपासून आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एमपी४ ची अनुक्रमणिका बहुधा फाइल पुरी झाल्यावरच लिहिली जाते, म्हणून मध्ये वीज गेली की अर्धी फाइल उघडतच नाही. डेस्कटॉप असेल तर एक्स२६४ ची निर्यात एमकेव्हीमध्ये करा, तुटली तरी तिथपर्यंतचं बघता येतं. पूर्ण झाल्यावर पुन्हा एनकोड न करता नुसता डबा (फाइलचं वेष्टन) बदलून एमपी४ करा. इन्व्हर्टर असला तरी प्रोजेक्ट दर पाच मिनिटांनी आपोआप जतन होईल असं लावा.

पूर्वा_म्हापसा
हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आता मूळ प्रश्नाकडे येते. चढती लय अडीच मिनिटांत पसरायची कशी? सुरवातीपासून जलद कट घेतले तर शेवटी चढायला जागाच उरत नाही.

कट_टू
म्हणूनच हा ताल एएमव्हीला सोन्यासारखा आहे, पूर्वा. पहिली तीस सेकंदं एकटं घुमट. शॉट तीन ते चार सेकंदांचे : पावलं, तलवारीवरची पकड, वारा, समोरासमोर उभे दोघं. इथं आघात एकही नको. शामेळ आत येतो तिथं पहिला वार. मग दीड मिनिटापर्यंत कट आवर्तनाच्या समेवर, म्हणजे लय चढेल तसे शॉट आपोआप आखूड होतात, वेगळी कारागिरी लागत नाही. कांसाळं आलं की दर ठोक्याला आघात, पण शॉट बारा फ्रेमच्या खाली नेऊ नका, दर आठ-दहा शॉटनंतर एक लांब शॉट द्या म्हणजे डोळा विसावतो. दोन मिनिटांच्या सुमारास पथकाला पूर्ण थांबायला सांगा, दोन सेकंदं. चित्रात कुणीतरी कोसळतं. मग सगळ्यात जलद लय, आणि शेवट एका मोकळ्या थापेवर.

शामेळ_केपे
तो थांबा मुद्रणातच हवा, एडिटमध्ये आवाज कापून करू नका. घुमटाचा घुमारा विरायला वेळ लागतो, कापलेला लगेच ओळखू येतो. पथकाला आधी ठरवून सांगा की कितव्या आवर्तनाला हात उचलायचे, आणि तीनचार वेळा पूर्ण वाजवून घ्या. तुकडे जोडायला जाऊ नका, चढती लय दोन वेळा सारखी येत नाही.

आरती_वाळपई
कल्पना ऐकूनच अंगावर काटा आला. पूर्वाताई, नक्की करा.

पूर्वा_म्हापसा
करतेच. शेवटचं एक : व्हिडिओत पथकाचं नाव घालायचं आहे, पण बहुतेक नियमांत श्रेयनामावली चालत नाही म्हणे.

प्रोजेक्टर_मडगाव
परीक्षणाच्या प्रतीत नाव घालू नका, परीक्षकांपासून नावं लपवलेली असतात. अर्जात 'संगीत' या रकान्यात पथकाचं नाव, गाव आणि 'पारंपरिक ताल' असं लिहा, पडद्यावर व्हिडिओआधी जी पाटी येते ती तिथूनच बनते. मालिकेचं नाव मूळ जपानी आणि इंग्रजी, दोन्ही द्या. फाइलचं नाव रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबून बारीक होतो. ड्राइव्हची लिंक द्या, लिंक असलेल्या कुणालाही उघडेल अशी परवानगी ठेवा आणि ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.

वकिली_नजर
पथकाचं नाव अर्जात घालण्याचा उल्लेख संमतीच्या कागदावरही असू दे.